आयरिश आडनावाची वंशावळ कशी शोधावी: सुलिव्हन घराण्याच्या निमित्ताने

आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या कितीतरी मराठी घरांत आता आयरिश वंशाच्या सुना आणि जावई आहेत. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात. एका बाजूची चार पिढ्यांची नावे आजी एका दमात सांगते. दुसऱ्या बाजूला मात्र ‘पणजोबा आयर्लंडहून आले, आडनाव सुलिव्हन’ इथेच घोडे अडते. त्या घरांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला सुलिव्हन हेच आडनाव मुद्दाम घेतले, कारण ते फार मोठे आहे. सुलिव्हनांचा माग काढायची रीत हाताला बसली की बर्न, रायन, मर्फी अशी आडनावेही त्याच रीतीने शोधता येतात.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: आडनावाच्या मागे लागू नका, टाउनलँडच्या मागे लागा. आयर्लंडची सगळी जमीन 60,000 हून अधिक टाउनलँडमध्ये वाटलेली आहे. टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी समजा, फक्त तिच्या हद्दी नकाशावर ठरलेल्या असतात. जमिनीची नोंद, करआकारणी, घरांची मोजणी सगळे टाउनलँडच्या नावाने चालते. टाउनलँड हाती आले की दीडशे-दोनशे वर्षे मागे जाता येते. ते हाती नसेल तर नुसत्या ‘डॅनियल सुलिव्हन, कौंटी कॉर्क’ (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एवढ्यावर शेकडो डॅनियल पुढे उभे राहतात आणि त्यांतला आपला कोणता हे कुणीच सांगू शकत नाही. पुढची प्रत्येक पायरी त्या एका नावापर्यंत पोचण्यासाठी, आणि ते मिळाल्यावर त्यातून जास्तीत जास्त काढून घेण्यासाठी आहे.

आडनावातून काय कळते, काय कळत नाही

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे आणि घराणे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आडनाव ऐकले की मराठी माणसाला गाव कळते. आयरिश आडनावाचे तसे नाही. ते बहुधा गावावरून पडलेले नसून पूर्वजावरून पडलेले असते. ‘ओ’ म्हणजे अमक्याचा नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ओब्रायन म्हणजे 1014 मध्ये क्लाँटार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याचे वंशज. ‘फिट्झ’ने सुरू होणारी आडनावे बहुतेक बाराव्या शतकात चालून आलेल्या नॉर्मन सरदारांबरोबर आली. वॉल्श हे वेल्समधून आलेल्यांना पडलेले नाव, त्यामुळे सगळे वॉल्श एका कुळाचे असायचे कारणच नाही.

सुलिव्हन हे मूळचे ओ सूलेवान. हे लोक आधी टिपेररी कौंटीत होते. बाराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन सरदारांच्या रेट्यामुळे ते नैऋत्येला, केरी आणि पश्चिम कॉर्कच्या डोंगराळ किनाऱ्यावर सरकले. तिथे त्यांच्या दोन मोठ्या शाखा झाल्या. केनमेअरच्या बाजूला ओसुलिव्हन मोर आणि बेअरा द्वीपकल्पात ओसुलिव्हन बेअर. इंग्रज फौजेने 1602 मध्ये बेअरातला डनबॉयचा किल्ला पाडला. त्याच वर्षी 31 डिसेंबरला डोनाल कॅम ओसुलिव्हन बेअर सुमारे 1,000 माणसे घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला. ऐन थंडीत दोन आठवडे चालून लायट्रिमला पोचले ते फक्त 35 जण. सुलिव्हन घराण्यांत ही हकीकत आजही अभिमानाने सांगतात. मात्र आपले पणजोबा थेट डोनाल कॅमचे वंशज होते असे कुणी सांगितले तर मान डोलवा आणि वहीत ‘घरची सांगोवांगी’ असे लिहून ठेवा. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत सलग कागद लागणारी सामान्य शेतकऱ्याची घराणी फार थोडी आहेत.

आडनावाचा खरा उपयोग भूगोलासाठी होतो. 1890 च्या जन्मनोंदींवरून सरकारने आडनावांची मोजणी केली होती. तिच्यात मर्फी पहिले, केली दुसरे आणि सुलिव्हन तिसरे होते, पण सुलिव्हनांची भरती मुख्यतः कॉर्क आणि केरी या दोनच कौंटींत. म्हणजे घरात ‘सुलिव्हन’ एवढेच माहीत असले तरी 32 पैकी दोन कौंटींपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

शोधताना ‘ओ’ची विशेष काळजी घ्या. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी अमलाखाली हजारो घराण्यांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आयरिश भाषेच्या चळवळीबरोबर पुन्हा लावले. एकाच आईबापांची मोठी मुलगी सुलिव्हन आणि धाकटा मुलगा ओसुलिव्हन असा नोंदलेला सापडतो. 1911 च्या जनगणनेत काही कुटुंबांनी अर्ज आयरिश भाषेत भरला. त्यात बाप ओ सूलेवान, बायको ई हूलेवान आणि लेक नी हूलेवान असे एकाच कागदावर तीन प्रकार दिसतात, कारण आयरिशमध्ये विवाहित स्त्रीला एक रूप आणि अविवाहित मुलीला दुसरे. संगणकाला ही तीन वेगळी आडनावे वाटतात. म्हणून प्रत्येक शोध ‘ओ’सह, ‘ओ’शिवाय आणि शक्य तिथे आयरिश वर्तनीने, असा तीनदा करायचा.

घरातले कागद, मग परदेशातले

आयर्लंडच्या संकेतस्थळांवर जायची घाई नको. आधी कुटुंबातल्या सगळ्यात वयस्क माणसाशी बोला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. नेमके काय विचारायचे? चर्चमध्ये मृतांच्या स्मरणार्थ छापतात ती छोटी कार्डे घरात आहेत का. बायबलच्या पहिल्या पानावर जन्मतारखा लिहिल्या आहेत का. आयर्लंडहून पत्रे यायची ती कुठल्या टपाल कार्यालयातून. आजी एखाद्या जागेचे नाव मोडक्या उच्चारात घेत असे का. हा मोडका उच्चार सोन्याचा आहे, तो ऐकू येईल तसा देवनागरीत टिपून ठेवा. इंग्रजी वर्तनीपेक्षा देवनागरीत आयरिश उच्चार पुष्कळ नीट उतरतो. पुढे आयर्लंडच्या स्थलनामांच्या ‘लॉगइनम’ या सरकारी कोशात तो पडताळता येतो. तिथे प्रत्येक जागेचे इंग्रजी आणि आयरिश नाव, पॅरिश (अनेक टाउनलँड मिळून होणारा विभाग) आणि कौंटी दिलेली असते, पुष्कळ ठिकाणी उच्चारही ऐकायला मिळतो.

त्यानंतर पूर्वज ज्या देशात जाऊन राहिला त्या देशाचे कागद. टाउनलँड बहुतेक वेळा तिथेच सापडते. सगळे देश सारखे उदार नाहीत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या मृत्युदाखल्यांवर मृताच्या आईवडिलांची नावे आणि जन्मस्थळ असते. स्कॉटलंडच्या 1855 पासूनच्या दाखल्यांवर आईचे माहेरचे आडनावही मिळते. इंग्लंडच्या मृत्युदाखल्यात यातले जवळजवळ काहीच नसते.

अमेरिकेत जहाजाच्या जुन्या याद्यांवर ‘आयर्लंड’ एवढेच लिहिलेले असते. तिथे चर्चमधली लग्नाची नोंद, थडग्यावरचा मजकूर आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता जास्त बोलते. ‘बॉस्टन पायलट’ या वर्तमानपत्रात 1831 पासून 1920 पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती येत, आणि ‘अमुक पॅरिश, तमुक टाउनलँडचा माझा भाऊ’ असा पत्ता त्यांत दिलेला असे. केनमेअरकडच्या सुलिव्हनांसाठी न्यूयॉर्कमध्ये आणखी एक ठेवा आहे. 1845 ते 1852 च्या महादुष्काळाच्या शेवटी, 1851 पासून, केनमेअरच्या लॅन्सडाउन जहागिरीच्या कारभाऱ्याने शेकडो कुळांना भाडे देऊन अमेरिकेला पाठवले, आणि त्यांतले पुष्कळ जण न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत राहिले. त्यांनी पैसे ठेवले 1850 मध्ये निघालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेत. पुष्कळशा खातेदारांना सही करता येत नसल्याने ओळख पटवण्यासाठी बँक त्यांचे जन्मस्थळ, जहाज, आईबाप, भावंडे, नवरा-बायको असा तपशील लिहून घेई. त्या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत आणि वर्गणी भरून संकेतस्थळावरही पाहता येतात.

बेअरातली पुष्कळ माणसे माँटानातल्या ब्यूट शहरी गेली. बेअराच्या टोकाला ॲलिहीज येथे 1812 पासून तांब्याच्या खाणी होत्या. त्या मंदावल्यावर तिथले खाणकामगार ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत गेले. पणजोबा ब्यूटचे सुलिव्हन असतील, तर बेअरापासून सुरुवात करायला मुळीच कचरू नका.

दोन जनगणना, दोन वेगळी वये

आता आयर्लंड. 1901 आणि 1911 या दोन जनगणना पूर्ण टिकून आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. नुसते टंकलिखित नाव पाहून थांबू नका, मूळ अर्जाची प्रतिमा उघडा. त्यावर नाव, नाते, धर्म, लिहिता-वाचता येते का, वय, व्यवसाय, जन्माची कौंटी आणि आयरिश भाषा येते का, हे सगळे घरच्या कर्त्याच्या सहीने किंवा अंगठ्याऐवजी काढलेल्या फुलीने असते. 1911 मध्ये विवाहित बाईला लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली आणि हयात किती, हेही विचारले होते. ‘अकरा झाली, सात हयात’ अशी नोंद दिसली की जन्म आणि मृत्यू दोन्हींच्या वह्यांत किती नावे शोधायची ते कळते. त्याच पानांना जोडून घराचा तक्ता असतो: भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचे की स्लेटचे, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती. आकडे रुक्ष वाटतील, पण पणजीचे घर प्रथमच डोळ्यांपुढे उभे राहते ते इथे.

वयांवर मात्र भरवसा ठेवू नका. 1901 मध्ये 52 वर्षांचा माणूस 1911 मध्ये सर्रास 67 किंवा 70 चा होतो. 1908 च्या कायद्याने 70 वर्षांवरच्यांना पेन्शन मिळू लागले, ते 1 जानेवारी 1909 पासून. गरिबांपैकी पुष्कळांकडे जन्माचा दाखला नव्हता आणि वय वाढले. म्हणून 1901 चे वय खरे धरा, आणि त्यातही पाचेक वर्षांची सूट ठेवा.

पुढची जनगणना 1926 ची. शंभर वर्षांच्या नियमाने ती खुली होण्याचे वर्ष 2026.

जन्म, लग्न, मृत्यू

सगळ्या धर्मांच्या लोकांची सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1 जानेवारी 1864 पासून सुरू झाली. कॅथलिकेतर लग्ने मात्र 1845 पासून नोंदलेली आहेत. ‘आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई’ या सरकारी संकेतस्थळावर 100 वर्षांपूर्वीचे जन्म, 75 वर्षांपूर्वीची लग्ने आणि 50 वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानांच्या प्रतिमांसह फुकट पाहता येतात. उत्तर आयर्लंडच्या सहा कौंटींच्या 1922 नंतरच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाला शुल्क भरावे लागते.

इथे नवख्याची एक अडचण होते. शोधाच्या खिडकीत कौंटी विचारत नाहीत, नोंदणी जिल्हा विचारतात. हे जिल्हे मुळात गरिबांच्या मदतीसाठी आखलेले भाग होते आणि त्यांनी कौंटीच्या सीमा पाळलेल्या नाहीत. बेअराच्या लोकांसाठी ‘कॅसलटाउन’ आणि ‘केनमेअर’ हे दोन जिल्हे आधी पाहा.

जन्माचे एक पान सावकाश वाचायला शिका, कारण बाकी सगळी पाने त्याच वळणाची असतात. डावीकडे क्रमांक, मग जन्मतारीख आणि जागा. ही जागा म्हणजेच टाउनलँड. पुढे बाळाचे नाव, मुलगा की मुलगी, बापाचे नाव आणि त्याचे राहण्याचे ठिकाण, मग आईचे नाव आणि ‘पूर्वीचे’ अशा अर्थाचा शब्द घालून तिचे माहेरचे आडनाव. समजा बाप डॅनियल सुलिव्हन आणि आई जोहाना, पूर्वीची हॅरिंग्टन. या दोन आडनावांची जोडी ही तुमची किल्ली. एकट्या डॅनियल सुलिव्हनपेक्षा ‘सुलिव्हन-हॅरिंग्टन’ ही जोडी शोधा, भावंडे एकामागून एक बाहेर येतात. त्याच्या पुढच्या रकान्यात बापाचा व्यवसाय, आणि मग खबर देणाऱ्याचे नाव. तिथे अनेकदा आजी, मावशी किंवा शेजारीण असते, नावाशेजारी फुली आणि ‘जन्मावेळी हजर’ असा शेरा. त्या बाईचे आडनाव न चुकता टिपा. ती बाळंतिणीची आई निघाली तर एक पिढी वर सरकलात.

जन्मतारखेबद्दल सावध राहा. उशिरा नोंद केली तर दंड होई, म्हणून बाप तारीख पुढे ढकलून सांगत. चर्चमध्ये बाप्तिस्मा 3 मार्चला आणि सरकारी वहीत जन्म 20 मार्चला, असे दिसले तर माणूस तोच असू शकतो. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी.

लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्या बापांची नावे आणि व्यवसाय असतात, आयांची नावे नसतात. वयाच्या जागी पुष्कळदा ‘सज्ञान’ एवढेच लिहिलेले असते. मृत्यूच्या नोंदीत तर आईबापही नसतात, पण खबर देणारा आणि जागा यांवरून ओळख पटते.

चर्चच्या वह्या

1864 च्या मागे जायचे तर चर्चच्या वह्यांना पर्याय नाही. बहुतेक सुलिव्हन कॅथलिक. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सुमारे 1880 पर्यंतच्या कॅथलिक पॅरिशच्या वह्यांच्या प्रतिमा 2015 मध्ये सर्वांना मोफत खुल्या केल्या. नकाशावर पॅरिश निवडायची, वर्ष-महिना निवडायचा आणि पाने उलटत वाचायचे. तिथे नावाने शोध नाही. नावांची सूची इतर संकेतस्थळांनी तयार केली आहे. कॉर्क-केरीच्या शोधकांचे नशीब थोरले, कारण केरी धर्मप्रांताच्या वह्या नावानिशी शोधता येतील अशा रीतीने वर सांगितलेल्या सरकारी संकेतस्थळावरच आहेत. बेअरा द्वीपकल्पाचा बराचसा भाग कॉर्क कौंटीत असला तरी कॅथलिक चर्चच्या हिशेबी तो केरी धर्मप्रांतात मोडतो. हे ठाऊक नसल्याने कॉर्कच्या वह्या चाळत बसणारे पुष्कळ.

आणखी एक गुंता. सरकारची पॅरिश वेगळी आणि कॅथलिक चर्चची पॅरिश वेगळी. जमिनीच्या कागदांत सरकारी पॅरिश येते, बाप्तिस्म्यासाठी चर्चची लागते. वहीच्या पहिल्याच पानावर आपल्या टाउनलँडसमोर दोन्हींची नावे लिहून ठेवा.

नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. जाकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, ब्रिजिडा म्हणजे ब्रिजेट. खरी कसोटी आहे ती कॉर्क-केरीच्या खास नावांची. आयरिशमधला डिअर्मद कागदावर कधी जेरेमाया, कधी डार्बी. टाइग हा टिमथी किंवा थॅडी. कोनोर हा कॉर्नेलियस. ओवेन हा युजीन. गोबनेट नावाची बाई अबिगेल किंवा डेबरा होते. आणि पश्चिम कॉर्कमध्ये फ्लॉरेन्स हे पुरुषाचे नाव असते, फिनीन या आयरिश नावाचे ते इंग्रजी रूप. जेरेमाया सुलिव्हन आणि डार्बी सुलिव्हन हे दोन भाऊ समजून वंशवृक्षात दोन फांद्या काढण्याआधी दोघांच्या बायकांची नावे ताडून पाहा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन धर्मपालकांची नावे असतात. ते बहुधा आईचे किंवा बापाचे भाऊबहीणच. पाच-सहा मुलांचे धर्मपालक एका ओळीत मांडले तर आईचे माहेर आपोआप दिसू लागते. लग्ने शोधताना फेब्रुवारीची पाने आधी उघडा, कारण उपवासाच्या पर्वात लग्ने टाळत आणि ते सुरू होण्याआधी घाईने उरकत. लग्नाच्या नोंदीत रक्तसंबंधामुळे सवलत दिल्याचा शेरा असेल तर नवरा-बायको दूरचे चुलत किंवा मावस भावंडे होती.

मुलांची नावे ठेवण्याचा एक रिवाजही कामी येतो. थोरला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. रिवाज सगळ्यांनी पाळला असे नाही, म्हणून याला पुरावा म्हणू नका. कुठल्या नावाचा आजोबा शोधायचा एवढे त्यावरून ठरवता येते.

जमिनीचे कागद

1922 च्या 30 जूनला डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळाले. 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. प्रॉटेस्टंट चर्चच्या शेकडो वह्या आणि जुनी मृत्युपत्रेही त्यांच्याबरोबर गेली. 1861 ते 1891 च्या जनगणना सरकारने स्वतःच आधी नष्ट केल्या होत्या. हे वाचून मन खट्टू होते, पण ‘आयर्लंडचे सगळे जळाले’ म्हणून हात टेकणाऱ्यांचे ऐकू नका. शतकानंतर, 2022 मध्ये, इतरत्र टिकलेल्या प्रती गोळा करून ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हे आभासी अभिलेखागार उभे राहिले आहे, आणि जमिनीचे कागद तर वाचलेच आहेत.

त्यांतला मुख्य म्हणजे ग्रिफिथचे मूल्यांकन. रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात देशातल्या घराजमिनींची करासाठी किंमत ठरवली गेली. बेअराचे काम 1850 नंतरच्या पहिल्या वर्षांतले, म्हणजे दुष्काळ सरता सरता झालेले. ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर ते नकाशांसह मोफत आहे. यात घरातल्या सगळ्यांची नावे मिळत नाहीत, फक्त धारकाचे मिळते. पण टाउनलँड, जमीनमालक, एकर-रूड-पर्चमध्ये क्षेत्र आणि किंमत मिळते. ‘हाउस, ऑफिसेस अँड लँड’ असे दिसले की पूर्वजांची कचेरी होती असे समजू नका. ऑफिस म्हणजे गोठा आणि कोठार.

सुलिव्हनांच्या टाउनलँडमध्ये एकाच पानावर चार जॉन सुलिव्हन असू शकतात. कर गोळा करणाऱ्यालाही हे जड जात असावे, म्हणून नावापुढे कंसात बापाचे नाव, ‘थोरला’, ‘धाकटा’, ‘तांबडा’ किंवा शाखेचे आयरिश टोपणनाव लिहिले जाई. कंसातला शब्द सोडून नाव उतरवणे म्हणजे एक अख्खी पिढी हातची घालवणे. ‘जॉन सुलिव्हन (डेनिस)’ याचा अर्थ बहुधा डेनिसचा मुलगा जॉन. केरी-कॉर्कमध्ये अशी शाखानामे आजही बोलण्यात आहेत, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला ते एक नाव सांगितले की तो तुम्हाला थेट घरापर्यंत नेतो.

ग्रिफिथनंतरच्या बदलांच्या वह्यांत धारक बदलला की जुने नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवे लिहीत, शेजारी वर्ष घालत. डॅनियल खोडून जोहाना आली, तर त्या वर्षाच्या आसपास डॅनियलचा मृत्यू शोधा. उत्तरेच्या सहा कौंटींच्या वह्या बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराने संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. बाकीच्यांसाठी डब्लिनला विचारणा करावी लागते.

ग्रिफिथच्याही मागे जायचे तर 1823 ते 1837 च्या, चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या दशमांश कराच्या वह्या. शेतजमीन धरणाऱ्यांची नावे त्यांत आहेत, भूमिहीन मजुरांची नाहीत. दशमांशात घर आहे आणि ग्रिफिथमध्ये नाही, तर मधल्या 1845 ते 1852 च्या महादुष्काळाचा विचार करावा लागतो. त्या वर्षांत सुमारे 10 लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. बेअरा आणि केनमेअरच्या पट्ट्याला त्याचा फार मोठा तडाखा बसला. नाव नाहीसे होणे हीही एक नोंदच आहे, ती वहीत तशीच लिहा.

महाराष्ट्रातल्या आयरिश खुणा

पूर्वज फौजेत असेल तर शोध आपल्या दारापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतली एक युरोपीय पलटण पुढे 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सचा भाग झाली. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली इथल्या छावण्यांत या लोकांची लग्ने झाली, मुले झाली, आणि पुष्कळ जण इथल्याच मातीत पुरले गेले. त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या संग्रहात, मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तीन इलाख्यांत लावून ठेवल्या आहेत. नागपूरजवळची कामठी मद्रासच्या फौजेची छावणी होती, म्हणून कामठीचा माणूस मुंबईच्या यादीत नसेल तर मद्रासच्या यादीत पाहा. भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांच्या इतिहासासाठी काम करणाऱ्या ‘फिबिस’ संस्थेच्या सूची त्यासाठी मोफत आहेत. पेन्शनीत निघालेल्या शिपायाच्या कागदावर जन्माची पॅरिश आणि जवळचे शहर लिहिलेले असते. पुण्यातल्या एखाद्या अँग्लो-इंडियन घराला आयर्लंडमधली पॅरिश तिथे सापडू शकते.

डीएनए आणि ढाली

डीएनए चाचणी कागदांच्या जोडीला घ्यावी, कागदांऐवजी नाही. बेअरासारख्या कोपऱ्यात पिढ्यान् पिढ्या आपसांत लग्ने झाली, त्यामुळे दूरचे नातेवाईकही चाचणीत जवळचे दिसतात. ‘तिसरे चुलत’ म्हणून आलेला माणूस प्रत्यक्षात पाचवा किंवा सहावा निघतो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी सुलिव्हन आडनावाच्या पुरुषाने केली तर शाखा ओळखायला मदत होते.

दुकानांतून ‘तुमच्या आडनावाची ढाल’ विकतात, तिच्यावर पैसे घालवू नका. कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिले जाते, आडनावाला नाही. त्याचा अधिकार डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या मुख्य हेराल्डच्या (कुलचिन्हे देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडे आहे.

प्रत्यक्ष जाण्याआधी

टाउनलँड पक्के झाले की 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांनी गोळा केलेला लोककथासंग्रह ‘डूकस’ या संकेतस्थळावर उघडा आणि जवळची शाळा शोधा. सुमारे 50,000 मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून दुष्काळाच्या, विहिरींच्या, पडक्या घरांच्या गोष्टी लिहिल्या होत्या. एखाद्या वहीवर तुमच्याच घराण्यातल्या पोराचे नाव असू शकते.

मग पॅरिशच्या कार्यालयाला पत्र लिहा. पत्रात सगळा वंशवृक्ष पाठवू नका. एक जोडपे, त्यांचे टाउनलँड, अंदाजे वर्षे आणि एकच प्रश्न. दफनभूमीत गरिबांच्या थडग्यांवर अनेकदा नुसता दगड असतो, नाव नसते. म्हणून जाताना ग्रिफिथच्या नकाशाची छापील प्रत आणि शाखेचे टोपणनाव सोबत ठेवा, आणि दफनभूमीत फिरण्याआधी शेजारच्या शेतातल्या माणसाला विचारा.

आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंड बेटावर जन्मलेले असेल तर आयरिश नागरिकत्वासाठी परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालता येते. त्या कामाला संकेतस्थळावरची प्रतिमा चालत नाही. आजी-आजोबांपासून तुमच्यापर्यंत प्रत्येक पिढीचे जन्माचे आणि विवाहाचे अधिकृत दाखले मागवावे लागतात. शोधताना प्रत्येक नोंदीचा जिल्हा, वर्ष, खंड आणि पान तुम्ही वहीत लिहिलेले असेल, तर ते दाखले मागवणे सोपे जाते.